तो ‘काळा सहा’ नव्हे

गेल्या दिवाळीनंतर माझ्या एका बालमित्राने गावाकडचे जुने घर उतरवायला घेतले. माळ्यावर त्याच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रसद पुरवणाऱ्या तुकडीत लॉरी चालवत असत आणि उत्तर आफ्रिकेत सुमारे दोन वर्षे होते, एवढेच घरच्यांना ठाऊक होते. ट्रंकेत एक पितळी तांब्या, दोन पदके, पेन्शनचे कागद आणि तळहाताएवढे एक छायाचित्र निघाले. छायाचित्रात वाळूवर पोटावर टेकलेले एक मोडके लढाऊ विमान आहे आणि त्याच्याजवळ लोकरी गणवेशातले तीन जवान उभे आहेत. मधले आजोबा. मागे शाईने, बाळबोध अक्षरात लिहिले आहे : ‘जर्मन विमान. लिबिया. जाने. १९४३.’

विमानाच्या धडावर गडद रंगात इंग्रजी सहाचा आकडा स्पष्ट दिसतो. मित्राने तो आकडा पाहिला, थोडी शोधाशोध केली आणि इंग्लंडमधल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात असलेल्या प्रसिद्ध ‘काळा सहा’ या मेसरश्मिट विमानाची माहिती त्याच्या हाती लागली. तेही उत्तर आफ्रिकेतलेच आणि लिबियातच सापडलेले. त्याने मला फोन केला. ‘‘अरे, आजोबा ज्याला टेकून उभे आहेत ते विमान लंडनच्या संग्रहालयात आहे. तू बघून आलायस ना ते?’’

मी ते पाहिले आहे. २०११ साली लंडनमधल्या हेंडन येथे त्या विमानासमोर मी जवळजवळ दोन तास उभा होतो आणि वहीत नोंदी करत होतो. म्हणूनच छायाचित्राचा स्कॅन पाहिल्यावर पहिल्याच मिनिटाला मला उत्तर कळले होते. तरीही मित्राला नुसते ‘नाही’ म्हणून चालणार नव्हते. हे विमान ते नसेल, तर मग कोणते, हेही सांगणे भाग होते. त्यासाठी पुढचे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांचा हा हिशोब आहे.

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. जमिनीच्या मोजणीत एक गोष्ट पहिल्या वर्षीच अंगवळणी पडते. शेतात आज कोणते पीक उभे आहे, बांधावर कोणते झाड आहे, लोक त्या वावराला काय म्हणतात, यांवरून जमिनीची ओळख ठरत नाही. ओळख ठरते ती गट क्रमांकाने, आणि त्या क्रमांकामागे उभ्या असलेल्या फेरफारांच्या नोंदींनी. जर्मन लढाऊ विमानांच्या बाबतीत अगदी हेच आहे. धडावरचा मोठा आकडा म्हणजे उभे पीक. तो आज आहे, उद्या नाही. कारखान्यातून विमान बाहेर पडताना त्याला मिळालेला वेर्कनुमर, म्हणजे उत्पादन क्रमांक, हाच त्याचा गट क्रमांक. तो शेपटीच्या उभ्या पंखावर लहान अक्षरांत रंगवलेला असे आणि आतल्या नामपट्टीवर ठोकलेला असे.

धडावरचा आकडा किती फसवा असतो, हे समजण्यासाठी जर्मन लढाऊ दलाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. सर्वांत मोठे दल म्हणजे गेश्वाडर. त्यात साधारणपणे तीन ग्रुप्पे. प्रत्येक ग्रुप्पेत तीन श्टाफेल आणि प्रत्येक श्टाफेलमध्ये बारा विमाने. पहिल्या ग्रुप्पेत पहिली, दुसरी आणि तिसरी श्टाफेल. दुसरीत चौथी, पाचवी, सहावी. तिसरीत सातवी, आठवी, नववी. प्रत्येक ग्रुप्पेतल्या पहिल्या श्टाफेलचे आकडे पांढरे, दुसऱ्या श्टाफेलचे काळे किंवा लाल, तिसऱ्या श्टाफेलचे पिवळे. म्हणजे एकाच गेश्वाडरमध्ये, एकाच दिवशी, तीन वेगवेगळे ‘काळे सहा’ उडत असू शकत. त्यांतले एखादे पडले की त्याच्या जागी आलेल्या नव्या विमानावर पुन्हा तोच आकडा रंगवला जाई. मग ग्रुप्पे ओळखायची कशी? त्यासाठी धडावरच्या काळ्या-पांढऱ्या क्रॉसच्या मागची खूण पाहायची. पहिल्या ग्रुप्पेला तेथे खूण नसे, दुसरीला आडवी पट्टी असे, तिसरीला उभी पट्टी, आणि काही ठिकाणी उभ्या पट्टीऐवजी नागमोडी रेघ.

आता हेंडनला पाहिलेल्या त्या विमानाची हकीकत सांगतो, कारण पूर्ण ओळख पटलेले विमान कसे असते याचा तो उत्तम नमुना आहे.

ते मेसरश्मिट बीएफ १०९ जी-२/ट्रॉप, म्हणजे उष्ण प्रदेशासाठी बनवलेला जी-२ प्रकार. वेर्कनुमर १०६३९. लाइपझिग येथील एर्ला कारखान्यात १९४२ च्या सप्टेंबरमध्ये तयार झाले. कारखान्यातून निघताना त्याला पीजी+क्यूजे ही चार अक्षरे मिळाली होती. चाचणीच्या आणि पोहोचवणीच्या उड्डाणांपुरती ही अक्षरे असत आणि लढाऊ दलात विमान दाखल झाले की ती रंगाखाली जात. हे विमान याग्डगेश्वाडर (म्हणजे लढाऊ विमानांचे गेश्वाडर) ७७ च्या तिसऱ्या ग्रुप्पेतील आठव्या श्टाफेलकडे गेले. ही ग्रुप्पे रशियन आघाडीवरून ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस आफ्रिकेत उतरली होती, म्हणजे इजिप्तमधल्या एल अलामेनची दुसरी लढाई ऐन भरात असताना. ४ नोव्हेंबर १९४२ रोजी, ज्या दिवशी जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याने माघार धरली त्याच दिवशी, लेफ्टनंट हाइन्झ ल्युडेमान हे विमान घेऊन लढाईत गेला. शत्रूच्या पी-४० लढाऊ विमानांशी झालेल्या झुंजीत विमानाला मार बसला आणि वैमानिक किरकोळ जखमी झाला. पुढे माघारीच्या धांदलीत विमान लिबियातल्या गंबूट येथील धावपट्टीवर मागे राहिले. १३ नोव्हेंबरला ते ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या ३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाले.

स्क्वाड्रन लीडर बॉबी गिब्ज यांनी ते दुरुस्त करून घेतले आणि स्वतः उडवले. त्यांच्या स्क्वाड्रनची अक्षरे सीव्ही आणि गिब्ज यांच्या स्वतःच्या विमानाचे अक्षर व्ही. म्हणून या जर्मन विमानावरही सीव्ही-व्ही असे रंगवले गेले. पुढे ते जहाजाने इंग्लंडला गेले, आरएन२२८ हा तिसरा क्रमांक ल्याले आणि पकडलेली शत्रूची विमाने उडवून दाखवणाऱ्या १४२६ क्रमांकाच्या तुकडीत कॉलीवेस्टन येथे दाखल झाले. या तुकडीला सैनिक थट्टेने ‘राफ्वाफे’ म्हणत, म्हणजे आरएएफ आणि लुफ्तवाफे (जर्मन हवाई दल) यांची सांगड. युद्धानंतर बरीच वर्षे ते गोदामांत आणि हवाई तळांवर पडून होते. १९७२ पासून रस स्नॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे काम हाती घेतले. ते काम सुमारे एकोणीस वर्षे चालले. १७ मार्च १९९१ रोजी बेन्सनच्या तळावरून ते विमान पुन्हा उडाले. १२ ऑक्टोबर १९९७ ला डक्सफर्ड येथे उतरताना झालेल्या अपघातात ते शेतात उलटले, वैमानिक वाचला. त्यानंतर ते संग्रहालयात स्थिरावले, आधी हेंडनला आणि मग कॉसफर्डला.

या एका विमानाने किती नावे घेतली ते पाहा : पीजी+क्यूजे, काळा सहा, सीव्ही-व्ही, आरएन२२८. गंबूट येथे काढलेल्या छायाचित्रात त्याच्यावर ऑस्ट्रेलियन अक्षरे दिसतात, इंग्लंडमधल्या छायाचित्रात ब्रिटिश गोल चिन्हे दिसतात. केवळ छायाचित्रे पाहणाऱ्याला ही तीन-चार वेगळी विमाने वाटतील. वेर्कनुमर १०६३९ हा एकच धागा त्यांना एकत्र बांधतो.

मित्राच्या छायाचित्राबाबतचे पहिले उत्तर या हकीकतीतच होते. १०६३९ क्रमांकाचे विमान नोव्हेंबर १९४२ मध्येच ऑस्ट्रेलियन लोकांच्या ताब्यात आले आणि गंबूटहून उडवून नेले गेले. जानेवारी १९४३ मध्ये ते इंजिन काढलेल्या, पोटावर पडलेल्या अवस्थेत वाळूत असणे शक्य नाही. पण नुसत्या तारखेवर मी निकाल देत नाही. छायाचित्रामागची तारीख आठवणीने, नंतर कधीतरी लिहिलेली असू शकते. मोजणीच्या कामातही तोंडी साक्ष घ्यायची असते, पण हद्द साखळीने तपासायची असते. या बाबतीत लोकरी गणवेश तारखेला दुजोरा देतात, कारण लिबियाच्या वाळवंटात जानेवारीत कडाक्याची थंडी असते. तरीही विमानाने स्वतः साक्ष द्यायला हवी होती.

प्रथम प्रकार ठरवायचा. बीएफ १०९ चे युद्धात अनेक प्रकार निघाले आणि ते वेगळे करण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ई प्रकाराचे पंख टोकाला चौकोनी कापल्यासारखे असतात आणि शेपटीच्या आडव्या पंखांना खालून तिरके टेकू असतात. एफ प्रकारापासून पंखांची टोके गोलावली आणि टेकू गेले. आजोबांच्या छायाचित्रात आडव्या पंखाखाली टेकू नाही, म्हणजे ई बाद झाला. उरले एफ आणि जी. येथे खरी अडचण होती, कारण एफ-४ आणि सुरुवातीचा जी-२ ही विमाने एकमेकांची जुळी भावंडे वाटावीत इतकी सारखी आहेत. पंख सारखे, शेपटी सारखी, आत ओढले जाणारे मागचे चाकही सारखेच. जी प्रकाराच्या नाकाडावर पंख्याच्या मागे हवेसाठी लहान लहान तोंडे असतात, ती पाहिली तर उत्तर लगेच मिळते. पण या विमानाचे इंजिन आणि नाकाडावरचे पत्रे काढून नेलेले होते. वाळवंटात टाकून दिलेल्या विमानाचे इंजिन, घड्याळे, टायर टिकत नसत. दोन्ही बाजूंचे यांत्रिक कामाचे जवान सुट्या भागांसाठी सदैव शोधात असत.

उत्तर मिळाले ते कॉकपिटच्या पुढच्या काचेपाशी. एफ प्रकारात पुढच्या काचेच्या खाली, दोन्ही बाजूंना, एकेक छोटी त्रिकोणी खिडकी असते. जी प्रकारात ती काढून टाकली गेली. मी स्कॅन मोठा करून पाहिला तेव्हा आजोबांच्या सोबत्याच्या टोपीच्या किंचित वर ती त्रिकोणी खिडकी दिसली. काच फुटलेली होती, पण चौकट शाबूत होती. हेंडनच्या माझ्या वहीत त्या जागी मी लिहिले होते : ‘त्रिकोण नाही, सलग पत्रा.’ म्हणजे आजोबांच्या छायाचित्रातले विमान एफ-४ होते आणि संग्रहालयातले जी-२ आहे. प्रकारच वेगळा म्हटल्यावर दोन्ही एकच असण्याचा प्रश्न संपला.

दुसरी खूण अधिक बोलकी होती. क्रॉसच्या मागे, पांढऱ्या पट्ट्यावर, एक आडवी रेघ दिसते. भूमध्य आघाडीवरच्या जर्मन विमानांच्या धडाभोवती मागच्या बाजूस रुंद पांढरा पट्टा असे, तो हाच. आडवी रेघ म्हणजे दुसरी ग्रुप्पे. आठवी श्टाफेल तर तिसऱ्या ग्रुप्पेत येते. येथेही उत्तर तेच आले.

आता उरला रंगाचा प्रश्न, आणि येथे घाई करणाऱ्या माणसाची हमखास फसगत होते. छायाचित्रात सहा हा आकडा काळपट दिसतो, म्हणून तो काळा होता असे म्हणता येत नाही. त्या काळी सैनिकांच्या कॅमेऱ्यात दोन प्रकारच्या फिल्म असत. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर रंगांची उजळी-काळोखी डोळ्याला दिसते तशी साधारण उतरते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला मात्र लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तो काळा उतरतो, आणि पिवळाही खूप गडद उतरतो. उलट निळा अतिशय फिका होतो. म्हणजे एकाच विमानावरचा पिवळा आकडा एका छायाचित्रात पांढुरका आणि दुसऱ्यात काळसर दिसू शकतो. आजोबांच्या छायाचित्रात कोणती फिल्म वापरली होती हे ठरवायला मला एक आधार मिळाला. वाळवंटातले निरभ्र आकाश कागदासारखे पांढरे उतरले आहे आणि विमानाचा निळसर पोटाचा भाग वाळूपेक्षा उजळ आहे. जवानांचे उन्हाने रापलेले हात आणि चेहरे असायला हवेत त्याहून बरेच काळे आहेत. हे सारे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मकडे बोट दाखवते. त्यामुळे तो आकडा काळा, लाल किंवा पिवळा, यांपैकी काहीही असू शकतो. पांढरा मात्र नाही. म्हणजे चौथी श्टाफेल वगळली आणि पाचवी किंवा सहावी उरली.

छायाचित्रे पाहताना मी आणखी एक गोष्ट नेहमी तपासतो : निगेटिव्ह उलटे तर छापलेले नाही ना. बीएफ १०९ च्या इंजिनाचा हवा ओढणारा भाग डाव्या बाजूस असतो आणि वाळवंटी विमानांत तेथेच नळकांड्यासारखी लांब वाळूगाळणी बसवलेली असते. ती उजव्या बाजूस दिसली तर प्रिंट उलटा आहे असे बेलाशक समजावे. कॉकपिटचे झाकण उजवीकडे उघडते, हाही पुरावा आहे. सहाच्या आकड्याला हा धोका नसतो, कारण तो उलटा छापला की लगेच कळतो. पण इंग्रजी आठ किंवा अकरा यांच्या बाबतीत चांगल्या चांगल्या अभ्यासकांच्या हातून चुका झाल्या आहेत.

प्रकार एफ-४, वाळवंटी रंग, दुसरी ग्रुप्पे, पाचवी किंवा सहावी श्टाफेल, जागा लिबिया. आता दलांच्या नोंदींकडे वळायचे होते. एफ-४/ट्रॉप घेऊन लिबियात लढलेली दुसरी ग्रुप्पे म्हटली की याग्डगेश्वाडर २७ चे नाव सर्वांत आधी येते. ही ग्रुप्पे सप्टेंबर १९४१ मध्ये आफ्रिकेत आली आणि डिसेंबर १९४२ च्या सुरुवातीस तेथून निघाली. गेश्वाडर ७७ ची दुसरी ग्रुप्पे त्यानंतर आली, पण तिच्याकडे जी-२ विमाने होती. गेश्वाडर ५१ ची दुसरी ग्रुप्पे ट्युनिशियाकडे होती. गेश्वाडर २७ च्या दुसऱ्या ग्रुप्पेचे चिन्ह बर्लिनच्या अस्वलाचे, ते नाकाडावर रंगवलेले असे. या विमानाचे नाकाडच नाही, त्यामुळे तो पुरावा हातचा गेला. तरीही ग्रुप्पेबद्दल माझ्या मनात फारसा संशय नाही.

येथून पुढे वेर्कनुमरपर्यंत जायचे असेल तर कागद लागतात. लुफ्तवाफेचा क्वार्टरमास्टर जनरल विभाग प्रत्येक दलाकडून नुकसानीचे अहवाल मागवत असे. त्यात तारीख, दल, जागा, कारण, विमानाचा प्रकार, वेर्कनुमर, वैमानिकाचे नाव व हुद्दा, आणि नुकसानीची टक्केवारी लिहिलेली असे. साठ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान म्हणजे विमान हिशोबातून वजा. शंभर म्हणजे संपूर्ण नाश. या याद्यांच्या प्रती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आणि फ्रायबुर्ग येथील जर्मन लष्करी अभिलेखागारात आहेत. युद्धाच्या अखेरीस लुफ्तवाफेची बहुतांश कागदपत्रे जर्मनांनी स्वतःच जाळली, त्यामुळे जे वाचले त्याचे मोल फार आहे. मी ज्या दिवशी पहिल्यांदा अशा यादीचे पान मायक्रोफिल्मवर पाहिले, त्या दिवशी मला गावच्या फेरफार नोंदवहीची आठवण झाली होती. तेच रकाने, तीच घाईची टंकलेखनातली काटछाट, आणि तीच भावनाशून्य भाषा, जिच्यात एखाद्या माणसाचे मरण एका ओळीत बसते.

या याद्यांचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा लागतो. त्यांत फक्त नुकसानीची नोंद आहे. जे विमान सुखरूप उडत राहिले, त्याचा वेर्कनुमर कोठेच येत नाही. मला वाटते, हाइन्झ ल्युडेमान ४ नोव्हेंबरला जखमी झाला नसता, तर संग्रहालयातल्या त्या विमानाशी त्याचे नाव आज इतक्या खात्रीने जोडता आले नसते. दुसरे असे की, माघारीच्या दिवसांत धावपट्टी सोडताना जी विमाने उडवून देण्यात आली किंवा तशीच टाकली गेली, त्यांची नोंद बहुधा घाईने आणि मोघम झाली. शांततेच्या काळात कारकून नीट लिहितो. शत्रू तासाभराच्या अंतरावर आला असताना तो वह्या बांधून गाडीत टाकतो.

दुसऱ्या बाजूच्या कागदांचीही मदत होते. ब्रिटिश हवाई मंत्रालयाचे गुप्तवार्ता अधिकारी इंग्लंडमध्ये कोसळलेल्या जर्मन विमानांजवळ जाऊन पंचनामा करत : नामपट्टी, इंजिनाचा क्रमांक, शस्त्रे, चिन्हे, रंग. याचे चांगले उदाहरण म्हणजे फ्रान्झ फॉन वेरा याचे विमान. तो गेश्वाडर ३ च्या दुसऱ्या ग्रुप्पेचा ॲडज्युटंट, म्हणजे प्रमुखाचा सहायक अधिकारी, होता आणि ५ सप्टेंबर १९४० रोजी केंटमधल्या मार्डनजवळ त्याला विमान शेतात उतरवावे लागले. ॲडज्युटंटच्या विमानावर आकडा नसे. त्याऐवजी बाणाच्या टोकासारखी एक कोनाकृती खूण असे. त्यामुळे केवळ खुणेवरून पाहिले तर प्रत्येक ग्रुप्पेत असे एक विमान होतेच. पण येथे विमान हाती लागले, वैमानिक हाती लागला, शेपटीवरच्या विजयाच्या तेरा खुणा मोजल्या गेल्या आणि वेर्कनुमर १४८० कागदावर चढला. म्हणून आज त्या शेतातल्या छायाचित्राबद्दल कोणी वाद घालत नाही. पुढे कॅनडातून निसटून अमेरिकेत पोहोचलेला वैमानिक म्हणून फॉन वेरा प्रसिद्ध झाला.

उलट बाजूचे उदाहरणही गेश्वाडर २७ मधलेच आहे. तिसऱ्या श्टाफेलच्या हान्स-योआखिम मार्सेय याच्या ‘पिवळा चौदा’ या विमानाची छायाचित्रे शेकडोंनी छापली गेली आहेत आणि वाचणाऱ्याला ते एकच विमान वाटते. प्रत्यक्षात त्याने हा आकडा असलेली चार एफ-४/ट्रॉप विमाने वापरली : वेर्कनुमर १२५९३, १००५९, १०१३७ आणि ८६७३. ती वेगळी करण्याचा राजमार्ग म्हणजे शेपटीच्या सुकाणूवरच्या विजयाच्या पट्ट्या मोजणे. पन्नासावा विजय २१ फेब्रुवारी १९४२ चा आणि एकशे एकावा १७ जूनचा. म्हणजे पट्ट्या मोजल्या की छायाचित्राचा महिना, कधी कधी आठवडाही सापडतो, आणि मग त्या आठवड्यात त्याच्याकडे कोणते विमान होते हे पाहायचे. तरीही यात एक मेख आहे. सुकाणू हा सुटा भाग आहे. एका विमानावरून काढून तो दुसऱ्यावर बसवता येतो. सुकाणू त्या विमानाचाच आहे, हे गृहीत धरून केलेली ओळख केव्हाही कोसळू शकते. मार्सेय ३० सप्टेंबर १९४२ रोजी मरण पावला तो या चारपैकी कोणत्याही विमानात नव्हे, तर इंजिनाला आग लागलेल्या १४२५६ क्रमांकाच्या नव्या जी-२ मधून उडी मारताना.

आजोबांच्या छायाचित्रात सुकाणू नाही. सुकाणूची चौकट धातूची असली तरी वरून कापड ताणलेले असे, आणि स्मृतिचिन्ह म्हणून ते कापड कापून नेण्याची सैनिकांत चढाओढ असे. उभा पंख मात्र जागेवर आहे. वेर्कनुमर असतो तो त्याच पंखाच्या खालच्या भागात. मी मित्राकडून मूळ छायाचित्र मागवले, दहापटीचे भिंग घेतले, खिडकीतल्या तिरप्या उजेडात ते धरले. त्या जागी आजोबांचा उजवा हात टेकलेला आहे. पंजाच्या वर एका आकड्याचा वरचा गोलावा दिसतो; तो शून्याचा असेल, आठाचा असेल, नवाचाही असेल.

येथे मी अडलो, आणि त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. लिबियाच्या त्या पट्ट्यातल्या धावपट्ट्या एकदाच हातातून हातात गेल्या नव्हत्या. १९४१ च्या डिसेंबरात जर्मन मागे हटले, १९४२ च्या जूनमध्ये ते पुन्हा तोब्रुकपर्यंत आणि त्याहून पुढे आले, नोव्हेंबरात कायमचे गेले. तोब्रुकचा पाडाव झाला तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथे होती, हे आपल्याकडच्या अनेक घरांत अजून आठवते. गेश्वाडर २७ ची दुसरी ग्रुप्पे या दोन्ही माघारींच्या वेळी तेथे होती आणि दोन्ही वेळा एफ-४ विमानेच उडवत होती. म्हणजे जानेवारी १९४३ मध्ये आजोबांनी पाहिलेला सांगाडा दोन महिन्यांपूर्वीचा असू शकतो, तसाच वर्षभरापूर्वीचाही. याबाबत मी विमानाच्या पत्र्याकडे पाहिले. क्रॉसचा काळा रंग अजून दाट आहे, पांढऱ्या पट्ट्याच्या कडा स्वच्छ आहेत आणि पंखाच्या मुळाशी वाळूचा ढीग साचलेला नाही. वाळवंटातले ऊन आणि उडती वाळू एका उन्हाळ्यात रंग पांढराफटक करून टाकतात. त्यामुळे हे विमान नोव्हेंबर १९४२ च्या माघारीतले असावे, असे माझे मत झाले आहे. हे मत आहे, कागद नाही.

पाचव्या आणि सहाव्या श्टाफेलच्या त्या काळातल्या नोंदी मी ओळीने वाचल्या. जी नावे, जे क्रमांक आढळले त्यांपैकी एकही या छायाचित्राला निर्विवादपणे जोडावा असा पुरावा मला मिळाला नाही. एका नोंदीने मला दोन आठवडे मोहात पाडले होते. प्रकार जुळत होता, श्टाफेल जुळत होती, आकड्याचा गोलावाही जुळवून घेता आला असता. पण नोंदीतली जागा इजिप्तमधली होती आणि टक्केवारी शंभर होती. समोरचा सांगाडा शंभर टक्के नष्ट झालेल्या विमानाचा दिसत नाही. त्याचे धड सरळ आहे, पंख जागेवर आहेत. जुळवून घ्यायचे ठरवले असते तर ‘जागेची नोंद चुकली असेल’ असे म्हणता आले असते. मोजणीच्या कामात अशी जुळवाजुळव करून काढलेल्या हद्दींनी भावाभावांत तीस-तीस वर्षांचे दावे लागलेले मी पाहिले आहेत. ती नोंद मी बाजूला ठेवली.

मित्राला सगळे समजावून सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. संग्रहालयातल्या विमानाशी नाते जुळले असते तर त्याच्या मुलांना सांगायला एक गोष्ट झाली असती, हे मला समजत होते. मग त्याने विचारले, ‘‘म्हणजे आजोबा नक्की कुठे उभे आहेत?’’ मी म्हणालो, लिबियात, जानेवारी १९४३ च्या थंडीत, रोमेलच्या मागे मागे रसद नेणाऱ्या लॉऱ्यांच्या रस्त्यालगत, गेश्वाडर २७ च्या दुसऱ्या ग्रुप्पेने सोडून दिलेल्या एफ-४ विमानाजवळ. त्याने हे कागदावर लिहून मागितले.

छायाचित्राची मोठी प्रत करून मी त्याला पाठवली आहे. मूळ छायाचित्राला हात लावलेला नाही. आजोबांनी लिहिलेली ओळ तशीच आहे. प्रतीच्या मागे मी पेन्सिलीने एवढे लिहिले : ‘मेसरश्मिट बीएफ १०९ एफ-४/ट्रॉप. बहुधा याग्डगेश्वाडर २७, दुसरी ग्रुप्पे, पाचवी किंवा सहावी श्टाफेल. आकडा सहा, रंग काळा, लाल किंवा पिवळा. कॉसफर्ड येथील वेर्कनुमर १०६३९ नव्हे. या विमानाचा वेर्कनुमर :’ आणि त्यापुढे पाच आकडे मावतील एवढी जागा ठेवली आहे. त्या सांगाड्याजवळ त्या दिवसांत इतरही जवान उभे राहिले असतील, आणि त्यांच्यापैकी कोणाचा तरी हात वेगळ्या जागी असेल.